यूव्ही मॉथ लाइट आणि घडीचा डबा, अख्खा शरद वापरून लिहितेय

बागेत रात्री येणाऱ्या पतंगांच्या नोंदी ठेवायच्या असं दोन वर्षं नुसतं म्हणत होते, शेवटी या शरदाच्या तोंडावर एक किट मागवलं. त्यात यूव्ही एलईडी लाइट, घडी होणारा कापडी डबा, डब्यावर बसवायचं नरसाळं, लाइटभोवती उभ्या लावायच्या चार पारदर्शक पट्ट्या (पतंग यांना धडकून नरसाळ्यातून डब्यात पडतात) आणि एक केबल एवढं येतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, असलंच किट बरेच जण विकतात आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. बारा आठवडे, आठवड्यातून एक रात्र, न चुकता वापरलंय, म्हणून आता लिहायला बसले.

ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, लाइट घ्या, डबा घेऊ नका.

माझी बाग म्हणजे तीन बाजूंना इमारती आणि चौथ्या बाजूला रस्ता, रस्त्यावरच्या दिव्याचा पांढरा उजेड थेट आत येतो, त्यामुळे इथे काय येणार असं मलाही वाटत होतं. पण रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीत अतिनील, म्हणजेच यूव्ही, प्रकाश जवळजवळ नसतोच, आणि तिथेच ही लाइट बाजी मारते. पतंगांच्या डोळ्यांत साधारण तीन प्रकारच्या पेशी असतात, एक अतिनीलसाठी, एक निळ्यासाठी, एक हिरव्यासाठी, त्यातली अतिनीलवाली ३५० नॅनोमीटर (प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) च्या आसपास सगळ्यात तल्लख असते. म्हणून लाइट घेताना ती किती नॅनोमीटरची आहे हा एकच प्रश्न आधी विचारायचा. ही ३६५ ची आहे. बाजारात यूव्ही म्हणून खपणाऱ्या, नोटा बघायला वापरतात तसल्या टॉर्च बऱ्याचदा ३९५ च्या असतात, त्या आपल्याला छान जांभळ्या आणि झगझगीत दिसतात म्हणून भारी वाटतात, पण आपल्याला जास्त दिसतंय म्हणजेच ते अतिनीलपासून लांब गेलंय. ३६५ ची लाइट उलट मंद, राखाडी-जांभळट दिसते, पहिल्या दिवशी मला वाटलं खराब आली की काय.

खराब नव्हती. पहिल्या रात्री दोन तासांत त्रेसष्ट पतंग मोजले. त्रेसष्ट! याच बागेत मी इतकी वर्षं रोज संध्याकाळी पाणी घालतेय आणि कधी एका वेळी तीन-चारच्या वर पतंग दिसलेले नाहीत.

पतंग येऊन बसावेत म्हणून लाइटपाशी जो पडदा टांगायचा त्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण किटच्या कागदावर फक्त ‘पांढरं कापड वापरा’ एवढंच लिहिलंय. मी घरातली जुनी पांढरी चादर लावली आणि लाइट सुरू केल्या केल्या ती चादर निळी पेटली, म्हणजे अक्षरशः चमकायला लागली. कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणा दाखवायला जे रसायन असतं ना, ते अतिनील प्रकाश शोषून घेतं आणि निळा करून बाहेर सोडतं, म्हणजे जो अतिनील पडद्यावरून परत फिरायला पाहिजे तो चादरच गिळून टाकते. दुसऱ्या आठवड्यापासून साधं कोरं सुती कापड लावतेय, ते नुसत्या पाण्यातून काढते, पावडर नाही.

आता बॅटरीचं. जाहिरातीत लिहिलंय ‘रात्रभर चालते’. लाइट ५ व्होल्टवर २ अँपिअर घेते, म्हणजे १० वॅट. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ३७ वॅट-अवर, त्यातलं थोडं वाया जातं, म्हणजे तीन तास धरा. २०,००० ची असेल तर सहा तास. शरदातली रात्र बारा तासांच्या आसपास आणि पुढे पुढे वाढतच जाणारी, तर रात्रभर कुठून चालणार? मला दोन तासच लागतात त्यामुळे माझं काही अडलं नाही, पण ज्याने सकाळी डबा उघडायचा म्हणून घेतलंय त्याला हे आधी माहीत असायला पाहिजे. आणि डोळ्यांचा इशारा केबलच्या पुडक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलाय, हे मला अजिबात पटलं नाही. ३६५ ची लाइट मंद दिसते म्हणूनच लोक तिच्याकडे टक लावून बघतात. यूव्ही अडवणारा चष्मा लावा, आणि लहान मुलं सोबत असतील तर लाइट त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावूच नका.

आता डबा. तिसऱ्या रात्री मी ठरवलं की पडद्यापाशी बसायचं नाही, डबाच लावून झोपायचं, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवायचे म्हणजे पतंग त्यांच्या खळग्यांत शांत बसतात, सकाळी एकेक ट्रे उचलून बघायचं. पद्धत जुनी आणि चांगली आहे, १९५० साली रॉबिन्सन बंधूंनी पाऱ्याच्या दिव्याचा मोठा सापळा मांडला आणि १९६५ साली जॉन हीथ यांनी सहज उचलून नेता येईल असा सापळा सुचवला, तेव्हापासून लोक याच दोन गोष्टींना आपापल्या परीने सुधारत आलेत. म्हणजे यात काय चुकू शकतं ते सगळं आधीच लोकांना कळून चुकलंय. तरी या डब्याला तळाशी पाणी जायला भोकच नाही! रात्री दीडेक तास पाऊस पडला, नरसाळ्यातून सगळं पाणी आत, सकाळी उघडलं तर तळाला दोन बोटं पाणी आणि त्यात ट्रेचा लगदा झालेला. एकोणीस पतंग बुडालेले. एक छान हिरवा भूमितीवाला होता, म्हणजे ज्याची अळी उंटासारखी पाठ वर काढत चालते त्या कुळातला, त्याचे पंख पाण्यात पसरून रंग फिका पडला होता. मी ते सगळे मोजले, नोंद केली, आणि नंतर बराच वेळ मला काही करावंसं वाटलं नाही. नोंद ठेवायला जाऊन आपण जीव घेतला, आणि कशामुळे, तर एक जाळी लावलेलं भोक कंपनीने दिलं नाही म्हणून. विकणाऱ्यांना लिहिलं, उत्तर आलं की पावसात वापरू नये. पाऊस सांगून येतो का?

बाकीही आहे. चार पट्ट्या खाचेत घट्ट बसत नाहीत, वाऱ्याने एक तरी निसटतेच. नरसाळ्याचं खालचं तोंड इतकं मोठं आहे की आत गेलेले निम्मे पहाटे बाहेर पडत असावेत. चेन बंद करताना कोपऱ्यात अर्ध्या इंचाची फट राहते आणि बारीक पतंग नेमके त्या फटीत जाऊन बसतात, बघितल्याशिवाय चेन ओढली की चिरडलेच. आणि शरदात गांधीलमाश्या रात्री लाइटवर येतात आणि डब्यात शिरतात, सकाळी झोपेत झाकण उघडाल तर सावध. डबा आता माझ्याकडे माळ्यावर आहे.

चौथ्या आठवड्यापासून मी फक्त लाइट, कोरं कापड आणि जमिनीवर चार ट्रे एवढंच वापरते आणि खरं सांगायचं तर हेच बरं पडलं. शरदाची एक मोठी सोय म्हणजे अंधार लवकर पडतो. उन्हाळ्यात पतंगांसाठी जागायचं म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या कामाचं वाटोळं, इथे जेवायच्या आधी एक तास आणि नंतर एक तास असं बसता येतं. फक्त घड्याळाची वेळ धरायची नाही, सूर्यास्त धरायचा. मी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने लाइट लावते आणि बरोबर दोन तासांनी बंद करते, त्यामुळे दर आठवड्याला वेळ थोडी थोडी अलीकडे सरकत गेली. हे पाळलं नाही तर पहिल्या आठवड्याची आणि दहाव्या आठवड्याची तुलनाच करता येत नाही, कारण काही जाती अंधार पडता पडता उडतात आणि काही उशिरा.

बंद करण्याबद्दल मी जरा आग्रही आहे. पतंग लाइटवर ‘प्रेमाने’ येतात ही आपली कवितेतली समजूत, पण २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात हाय-स्पीड कॅमेऱ्याने कीटकांचं उडणं टिपलं, आणि दिसलं असं की ते दिव्याकडे पाठ करून उडायचा प्रयत्न करतात. लाखो वर्षं रात्रीचा उजेड म्हणजे आकाश, उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सरळ, एवढंच त्यांना माहीत. जवळ दिवा आला की ते त्याच्याकडे पाठ वळवत राहतात आणि त्याच्याभोवतीच फिरत राहतात, दिव्याच्या वर गेले तर उलटेच होऊन खाली पडतात. हे वाचल्यावर मी पडद्यापाशी बसून बघितलं आणि खरंच, खालून येणारा पतंग लाइटच्या वर गेला की गर्रकन उलटा होतो. तर त्यांना अडकवून ठेवायचं तेवढंच जेवढं आपल्याला मोजायला लागतं. सलग दोन रात्री एकाच जागी लावत नाही. उठताना ट्रे झुडपांच्या बुडाशी दाट पानांत ठेवते, उघड्यावर सोडले तर सकाळी पक्षी त्यांचा नाश्ता करतात. पडद्यावर पाल तर पहिल्या आठवड्यापासून येतेच, तिला मी हाकलते, प्रार्थनाकीटक आला तर त्याला उचलून लांब ठेवते.

नवव्या आठवड्यातली रात्र सांगते. शेजारचा छोटा आला होता बघायला. पडद्याच्या खालच्या ट्रेवर एक मोठा करडा पतंग येऊन बसला, बोटभर लांब, पंख छपरासारखे मागे घेतलेले, लांबून झाडाच्या सालीचा तुकडाच. मी ट्रे हळूच उचलला तसे पंख थोडे उघडले आणि आतलं पोट दिसलं, दोन्ही बाजूंना गुलाबी आणि काळे पट्टे. ॲग्रियस कॉन्व्हॉल्व्ह्युली, कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथ. याची सोंड शरीरापेक्षा लांब असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी डोक्याखाली गुंडाळून ठेवतो आणि लांब नळीच्या फुलांतला मध हवेत तरंगत पितो. उचलल्यावर तो थरथरायला लागला, अख्खं अंग, पंखांची टोकं धूसर दिसायला लागली, ट्रेच्या पुठ्ठ्यावर बारीक घरघर ऐकू येत होती. छोटा म्हणाला, “ताई, याला थंडी वाजतेय का?” म्हटलं, “थंडी नाही रे, उडायच्या आधी स्नायू तापवतोय, गार असताना एवढं मोठं अंग उचलत नाही त्याला.” तो मिनिटभर श्वास धरून उभा होता. मग एकदम घरघर थांबली आणि पतंग सरळ वर गेला, आम्हाला वारा लागला. त्या दिवसापासून छोटा दर आठवड्याला येतो आणि ट्रे मोजायचं काम त्याचं.

पण नोंदींमध्ये असे देखणे पाहुणे कमी आणि करड्या-तपकिरींची गर्दी जास्त, हे नव्याने सुरू करणाऱ्याने मनात धरून ठेवावं. जगात पतंगांच्या एक लाख साठ हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात, फुलपाखरं अठरा हजारांच्या आसपास, म्हणजे फुलपाखरांवरून सवय झाली असेल तर इथे पहिले चार आठवडे डोकं फिरतं. मी जे शिकले ते असं की रंगावर जायचं नाही, आधी बसायची ढब बघायची. पंख सपाट पसरून कापडाला चिकटून बसलाय का, छपरासारखे तिरके घेतलेत का, गुंडाळून काडी झालाय का, की सरळ इंग्रजी टी अक्षर केलंय, टी असेल तर तो बहुतेक प्लूम मॉथ. मग मिशा, दोऱ्यासारख्या की पिसासारख्या. मग पुढच्या पंखावरचा मूत्रपिंडाच्या आकाराचा डाग आणि त्याच्या शेजारचा गोल डाग, तपकिरींच्या गर्दीत हे दोन डाग म्हणजे पत्ता.

शेतीवाल्यांना माहीत असलेले दोघे माझ्याकडे नियमित आले. एक चौकोनी ठिपक्यांचा पतंग, प्लुटेला झायलोस्टेला, नखाएवढा, पंख मिटले की पाठीवर तीन फिकट शंकरपाळे जोडून ठेवल्यासारखे दिसतात, हा जवळजवळ जगभर आहे. दुसरा घाटेअळीचा पतंग, हेलिकोव्हर्पा, पुढचा पंख पिवळट-तपकिरी, मूत्रपिंडाचा डाग गडद, आणि मागचा पंख फिका पण कडेला रुंद काळसर पट्टा. मागचा पंख दिसल्याशिवाय मी त्याला काही नाव देत नाही. आणि दिसला तरी त्या वंशातल्या जवळच्या जाती फोटोवरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत, नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, म्हणून माझ्या वहीत नुसतं ‘हेलिकोव्हर्पा’ आहे. वंशापर्यंत थांबणं ही कमी दर्जाची नोंद नाही, उलट चुकीच्या जातीपेक्षा शंभर पटीने बरी.

शरद पुढे सरकतो तसं अजून एक दुखणं, पतंग झिजलेले येतात. पंखांवरचे खवले गेलेले, कडा फाटलेल्या, डाग पुसलेले. अशांचा फोटो काढायचा, मोजायचं, ‘अनोळखी’ लिहायचं, पुढे जायचं.

फोटो लाइटच्या उजेडात काढू नका, सगळं निळं येतं. मी एका हातात साधी पांढरी टॉर्च धरते, तिच्यावर पातळ कागद लावलाय म्हणजे चमक मारत नाही, दुसऱ्या हातात फोन आणि त्याला चिमट्याची मॅक्रो लेन्स. एक फोटो बरोबर वरून, एक बाजूने, जमलं तर समोरून, आणि एकात मोजपट्टी. खवल्यांच्या रांगा दिसतात अशा लेन्समधून, कौलारू छपरासारख्या एकावर एक, हे बघितल्यावर तपकिरी रंगाला तपकिरी म्हणवत नाही.

ओळखीसाठी मी आयनॅचरलिस्ट हे ॲप वापरते, त्यावर लोक आपल्याला दिसलेल्या जीवांचे फोटो टाकतात. हे २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालं आणि २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. फोटो टाकला की मशीन नावं सुचवतं, पण खरी गंमत नंतरची, माणसं येऊन नाव देतात, आणि दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं, फोटो-तारीख-जागा नीट असली की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते आणि योग्य परवाना असेल तर जीबीआयएफ या जीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते, तिथून संशोधक वापरतात. मशीनने सुचवलेलं पहिलंच नाव डोळे मिटून दाबायचं नाही हे मात्र प्रत्येकाने स्वतःला बजावावं, फोटोत जे दिसत नाही ते कुठलंच मशीन बघू शकत नाही. पाचव्या आठवड्यात मी एक बारीक तपकिरी जीव पतंग म्हणून टाकला, कुणीतरी दोन तासांत लिहिलं की पंखांवर खवले नाहीत, केस आहेत, गुंडाळलेली सोंडही नाही, ही कॅडिसफ्लाय आहे. पतंगांची अगदी जवळची नातेवाईक, अळीपण पाण्यात काढणारी. त्या अनोळखी माणसाने तीन ओळींत मला जे शिकवलं ते मी विसरणार नाही.

घरची बाग असेल तर जागा ‘अस्पष्ट’ करायची सोय आहे, ती वापरा, नाहीतर नकाशावर तुमचं घरच दिसतं. आणि तारखेचा घोळ आधीच मिटवा, मध्यरात्रीनंतर मोजत असाल तर ती रात्र संध्याकाळच्या तारखेची धरायची की कसं ते एकदा ठरवा आणि वहीत पहिल्या पानावर लिहा.

वही हवीच. ॲपमध्ये जे दिसलं ते जातं, जे दिसलं नाही ते जात नाही. माझ्या वहीत दर रात्री सुरुवातीचं तापमान, वारा, ढग, चंद्र, एकूण आकडा, आणि शून्य असेल तर शून्य. पौर्णिमेच्या सुमाराला आकडा धाडकन पडला, ढगाळ उबदार रात्री वर गेला. त्रेसष्टवरून सुरू झालेलं शेवटच्या आठवड्यात दोनवर आलं. एकूण चौऱ्याहत्तर प्रकार वेगळे करता आले, त्यातल्या एक्केचाळिसांना जातीचं नाव मिळालं, बाकी वंश किंवा कुळ. हे सगळं जमलं कारण लाइट हलकी आहे, दोन मिनिटांत लागते, एक पॉवर बँक पुरते, त्यामुळे कंटाळा येऊन एकही आठवडा बुडाला नाही. मोठा सापळा, वायर ओढा, सॉकेट शोधा, असं असतं तर मी चौथ्या आठवड्यातच सोडलं असतं, मला माझा स्वभाव माहीत आहे.

लाइटला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बारीक अक्षरांमुळे कापला. डब्याला एक, तोही कापड धुवून पिशवी शिवता येईल म्हणून. लाइट सुटी मिळत असेल तर सुटीच घ्या, ३६५ नॅनोमीटर लेखी विचारून घ्या, आणि डबा घ्यायचाच असेल तर हातात घेऊन तळ उलटा करून बघा, जाळी लावलेलं भोक दिसलं तरच.